सावित्रीमाईंचे लेकरू आणि रक्ताचा हिशेब

बदलापूरच्या एका बौद्ध कुटुंबात नुकतेच जाणे झाले. त्या घरची लेक आणि जावई नोकरीनिमित्त परदेशात असतात. त्यांनी तिथलीच चार वर्षांची मुलगी दत्तक घेतली आणि तिला घेऊन ते प्रथमच घरी आले होते. आजीने नातीला उचलून बुद्धमूर्तीपुढे नेले, वंदना झाली, खीर भरवली. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी पोर आजीच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती. तेवढ्यात एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतले. ही मुलगी कोणाची, रक्त कुठले, उद्या घरात हिला वाटा द्यावा लागेल काय, असे त्यांनी हळूच विचारले. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी जोतीराव-सावित्रीमाईंची तसबीर होती!

बांधवांनो, हा प्रश्न नवा नाही. पुण्यात तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच विचारला गेला आणि सावित्रीमाईंनी त्याचे उत्तर कृतीने दिले.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात माईंचा जन्म झाला. १८४० मध्ये लग्न होऊन त्या पुण्यात आल्या. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण शिक्षिका सावित्रीमाई सांगताना आई सावित्रीमाई सांगायच्या राहून जातात.

त्या काळी ब्राह्मण विधवेला पुनर्विवाह नव्हता. घरातल्याच पुरुषाने फसवले तरी पाप तिच्याच माथी. मग विहीर जवळ करायची, नाही तर जन्मलेल्या जीवाचा गळा दाबायचा! फुले दांपत्याने १८६३ मध्ये आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, ठेवायचे तर इथे ठेवा, अशी जाहीर हमी दिली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे आल्या. गर्भ पाडण्यासाठी आधीच केलेल्या अघोरी उपायांमुळे त्यांची बहुतेक बाळे जगली नाहीत. या बायांची बाळंतपणे सावित्रीमाई करीत होत्या.

त्यांतलीच एक काशीबाई. तिच्या मुलाला फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. हे बाळ सातासमुद्रापलीकडून आले नव्हते. पण जातीच्या समाजात ब्राह्मण विधवेच्या कुशीपासून माळ्याच्या पाळण्यापर्यंतचे अंतर कोणत्याही समुद्रापेक्षा मोठे होते. ब्राह्मणांना तो पापाचा पुरावा, तर भाऊबंदांना परक्या रक्ताचा वाटेकरी. माईंनी त्याला लेकरू म्हणून छातीशी धरले. तिथे जात संपली.

समाज मात्र हिशेब विसरला नाही. विधवेच्या मुलाला मुलगी कोण देणार? अखेर हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांनी आपली राधा दिली आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले. जोतीरावांनी त्याआधीच, १८८७ मध्ये मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. प्रेत दारात असताना भाऊबंद उभे राहिले. टिटवे धरण्याचा मान रक्ताच्या माणसाचा, दत्तकाचा नव्हे, असा वाद त्यांनी घातला. कारण टिटवे ज्याच्या हाती, वारसा त्याच्याकडे! सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे उचलले, त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीला अग्नीही त्यांनीच दिला. आपल्या लेकराचा हक्क राखण्यासाठी एका स्त्रीने धर्मशास्त्राला भर रस्त्यात दिलेले हे आव्हान होते.

यशवंत डॉक्टर झाला, सैन्यात नोकरीला लागला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा माईंनी त्याला बोलावून घेतले. ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचा प्लेग झालेला मुलगा माईंनी पाठीवर घेऊन तिथे पोहोचविला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शेवटी पाठीवर होते तेही दुसऱ्याचेच लेकरू! बिऱ्हाड त्याचे आपल्या महारवाड्यात होते, हे आपण तरी विसरू नये.

वकील म्हणून एक सांगतो. जुन्या हिंदू कायद्यात दत्तक म्हणजे मुलगाच, तोही स्वजातीचा. मुलीला जागा नव्हती, पत्नीच्या संमतीची गरज नव्हती. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलातून जातीची ही अट उडवायला घेतली. बिल रखडले, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. दत्तकाचा कायदा लागू झाला २१ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी! त्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, पत्नीची संमती आवश्यक ठरली आणि दत्तक मूल सर्व अर्थांनी पोटच्यासारखे मानले गेले. तरी विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा हक्क मिळायला २०१० उजाडले. सावित्रीमाई कायद्याच्या किती पुढे होत्या, ते यावरून मोजावे.

त्या रात्री लोकलने परतताना बदलापूर गेले, अंबरनाथ गेले, उल्हासनगर आले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले हे शहर. तिकडून आलेल्यांचे हे गाव झाले, मग चार वर्षांच्या एका पोरीला आपले घर मिळू नये?

त्या वडीलधाऱ्यांना वाट्याविषयीचा कायदा मी कागदपत्रे पाहून सांगेनच. पण घरात नवे लेकरू येते तेव्हा त्याचे रक्त तपासणारा माणूस टिटव्यावरून भांडणाऱ्या भाऊबंदांच्या रांगेत उभा असतो. जयंतीला फोटोला हार घालणाऱ्यांनी आपली रांग कोणती, ते एकदा ठरवावे.

जयभीम!