नाव लपवण्याची सवलत नाकारणारे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन

न्यूयॉर्कमध्ये १९२३ साली दुपारच्या एका भोजनाच्या वेळी प्रकाशक काँडे नास्ट यांनी एडवर्ड स्टायकेन यांच्यापुढे नोकरीचा प्रस्ताव ठेवला. ‘व्हॅनिटी फेअर’साठी नामवंतांची व्यक्तिचित्रे आणि ‘व्होग’साठी फॅशनची छायाचित्रे काढायची, असे प्रमुख छायाचित्रकाराचे ते पद होते. फॅशनच्या कामामुळे कलावंत म्हणून मिळवलेल्या प्रतिष्ठेला बाधा येईल असे वाटत असल्यास त्या छायाचित्रांखाली नाव छापले जाणार नाही, अशी सवलतही नास्ट यांनी देऊ केली. स्टायकेन यांनी नोकरी स्वीकारली आणि सवलत नाकारली. आपण काढलेल्या छायाचित्राची जबाबदारी आपल्या नावानिशी घ्यायची, ही त्यांची भूमिका होती.

त्या काळात ही भूमिका सोपी नव्हती. छायाचित्रण ही कला आहे की केवळ यंत्राची करामत, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता आणि कलेच्या बाजूने लढणाऱ्यांत स्टायकेन आघाडीवर होते. लक्झेंबर्गमधील बिव्हांज या गावी २७ मार्च १८७९ रोजी त्यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. वडील तांब्याच्या खाणीत राबले. त्यांची प्रकृती ढासळल्यावर आईने स्त्रियांच्या टोप्या तयार करण्याच्या व्यवसायावर संसार चालवला. मिलवॉकी येथील शिळाछाप कारखान्यात पंधराव्या वर्षी उमेदवारी करताना त्यांनी जाहिरातींच्या चित्रांसाठी गव्हाची शेते आणि डुकरे कॅमेऱ्यात टिपली होती. धंद्यासाठी काढलेले छायाचित्र त्यांना कधीच परके नव्हते, ते असे.

पॅरिसला जाताना १९०० साली ते न्यूयॉर्कमध्ये अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना भेटले. स्टिग्लिट्झ यांनी त्यांची तीन छायाचित्रे प्रत्येकी पाच डॉलरला विकत घेतली. पुढे दोघांनी मिळून फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या इमारतीत छोटे कलादालन उभे केले. रोदँ, मातीस, पिकासो यांचे काम तेथे अमेरिकी रसिकांपुढे आले, त्यामागे पॅरिसमध्ये राहणाऱ्या स्टायकेन यांची धडपड होती. तेथेच १९११ मध्ये त्यांनी वेशभूषाकार पॉल प्वारे यांच्या पोशाखांची छायाचित्रे एका फ्रेंच कलानियतकालिकासाठी काढली. आधुनिक फॅशन छायाचित्रणाचा आरंभ अनेक अभ्यासक या छायाचित्रांपासून मानतात.

पहिल्या महायुद्धाने त्यांची दृष्टी बदलली. अमेरिकी सैन्यासाठी हवाई छायाचित्रणाचे काम पाहताना धूसर, स्वप्नील प्रतिमेचा उपयोग नव्हता. खंदक आणि तोफा स्पष्ट दिसणे आवश्यक होते. युद्धानंतर त्यांनी आपल्याजवळची रंगचित्रे जाळून टाकली आणि पांढरा कप व बशी यांची हजारावर छायाचित्रे काढून काळ्या-पांढऱ्या छटांचा नव्याने अभ्यास केला. चाळिशी ओलांडलेल्या, नाव झालेल्या कलावंताने पुन्हा विद्यार्थी होण्याचे हे उदाहरण विरळाच.

नास्ट यांच्याकडे रुजू झाले तेव्हा मात्र स्टुडिओतील विजेचे दिवे त्यांच्या ओळखीचे नव्हते. सुरुवातीला त्यांनी दिव्यांपुढे घडी केलेल्या चादरी टांगून प्रकाश अडवला, असे सांगतात. थोड्याच काळात हे दिवे त्यांचे मुख्य साधन बनले. त्यांच्या आधी ‘व्होग’मध्ये बॅरन द मेयर यांची झगझगीत, धूसर शैली रूढ होती. स्टायकेन यांनी स्वच्छ पार्श्वभूमी, सरळ रेषा आणि ठळक सावल्या आणल्या. शिवण, चुणी आणि कापडाचा पोत वाचक स्त्रीला दिसलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. मॅरियन मोरहाऊस ही त्यांची आवडती मॉडेल. काळ्या जाळीदार वस्त्राआडून रोखून पाहणारी ग्लोरिया स्वॉन्सन (१९२४) आणि दोन्ही हातांनी केस मागे सारणारी ग्रेटा गार्बो (१९२८) ही व्यक्तिचित्रे याच काळातील. ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पहिले रंगीत छायाचित्र जुलै १९३२ मध्ये आले, तेही त्यांचेच.

काम एवढ्यावर थांबले नाही. जाहिरातसंस्थेसाठी त्यांनी हातांच्या लोशनच्या जाहिराती केल्या. काडेपेटीतील काड्या, साखरेचे चौकोनी खडे यांच्या छायाचित्रांवरून रेशमी कापडाची नक्षी तयार केली. उत्पन्न मोठे होते, टीकाही तेवढीच. युद्धकाळातच स्टिग्लिट्झ यांच्याशी दुरावा आला होता; आता तर बाजाराला शरण गेलेला कलावंत, असा ठपका आला. तरुण छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनीही १९३१ मध्ये त्यांच्यावर कठोर लिहिले. हे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. त्या चकचकीत पानांवर मंदीत होरपळणारी अमेरिका क्वचितच दिसते.

कला आणि वस्तू यांतील सीमारेषेचा प्रश्न याच काळात त्यांना न्यायालयातही घेऊन गेला. शिल्पकार ब्रांकुशी यांचे ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प त्यांनी विकत घेतले होते. ते न्यूयॉर्कला उतरताच सीमाशुल्क खात्याने १९२६ मध्ये त्याची नोंद स्वयंपाकघरातील व रुग्णालयीन साहित्याच्या वर्गात केली आणि ४० टक्के कर आकारला. स्टायकेन यांनी न्यायालयात साक्ष दिली. ते शिल्प कलाकृतीच आहे, असा निकाल १९२८ मध्ये लागला.

फॅशनच्या कामात तोचतोपणा येऊ लागल्यावर १९३८ च्या प्रारंभी त्यांनी न्यूयॉर्कमधील स्टुडिओ बंद केला आणि कनेक्टिकटमधील मळ्यात ते डेल्फिनियमची फुलझाडे वाढवण्यात रमले. दुसऱ्या महायुद्धात साठी उलटलेले स्टायकेन नौदलाच्या छायाचित्रण पथकाचे प्रमुख झाले. पुढे १९४७ ते १९६२ या काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील छायाचित्रण विभाग सांभाळला.

तेथे १९५५ मध्ये त्यांनी मांडलेल्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ प्रदर्शनात ६८ देशांतील ५०३ छायाचित्रे होती. त्यांत सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तील एक दृश्यही होते. पुढच्याच वर्षी हे प्रदर्शन भारतात आले आणि मुंबईकरांनी ते जहांगीर कलादालनात पाहिले. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी या मांडणीतील भावुकतेवर बोट ठेवले. प्रेक्षकांचा आकडा मात्र जगभरात ९० लाखांपुढे गेला. आज ते लक्झेंबर्गमधील क्लेर्व्हो किल्ल्यात, स्टायकेन यांच्या जन्मभूमीत, कायमस्वरूपी मांडलेले आहे.

कनेक्टिकटमधील राहत्या घरी २५ मार्च १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. चौऱ्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.