सोनखताचा व्यापारी : अप्पासाहेब पटवर्धन

गांधीजींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेचे मराठी भाषांतर आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे. भाषांतरकाराचे नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. हे नाव वाचून पान उलटणाऱ्यांना कल्पना नसते की याच माणसाने कणकवलीला मेलेली गुरे सोलली आणि संडासाच्या खड्ड्यांतले खत हाताने उपसले. कोकण त्यांना अप्पासाहेब किंवा 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखते.

४ नोव्हेंबर १८९४ ही त्यांची जन्मतारीख. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ब्राह्मण घरातला हा हुशार मुलगा एम. ए. झाला, पुण्याला काही काळ कॉलेजात शिकवू लागला. पुढची वाट सरळ होती, पण ते गांधीजींकडे साबरमतीला गेले आणि नंतर परतले ते आपल्याच जिल्ह्यात, खादी आणि अस्पृश्यतानिवारणाचे काम घेऊन. १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे.

देशभर ते माहीत झाले ते १९३२ साली. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही, असा तुरुंगाचा नियम. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळले आणि डिसेंबरात त्यांनीही उपवास सुरू केला. सरकारला विचार करावा लागला, गांधीजींचा उपवास एक-दोन दिवसांत सुटला आणि पुढे अप्पासाहेबांची मागणीही मान्य झाली. मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहिलेला दुसरा प्रोफेसर निदान मला तरी ठाऊक नाही.

त्यांच्या आयुष्याचा खरा गाभा मात्र तुरुंगाबाहेर आहे. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच, मनीऑर्डरवर जगत होता. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, घरी म्हातारी माणसे, बायको, चार कुणगे भाताचे आणि बाकी वरकस जमीन. आंबोली उतरून गणपतीला गावी जाणाऱ्या आपल्या बेळगावकरांना हे चित्र वेगळे सांगायला नको. पावसाने धुपलेल्या त्या जमिनीला खत हवे, आणि ज्याच्या गोठ्यात एकच म्हातारा बैल त्याने ते कोठून आणावे? विकत घ्यायला पैसा नाही. अप्पासाहेबांचे म्हणणे असे की गरिबाच्या घरात जे वाया जाते तीच त्याची पुंजी आहे. माणसाचा मैला, गुरांचे शेण-मूत, मेलेल्या गुराचे कातडे, हाडे, चरबी. किळस आणि जात या दोन गोष्टींनी ही पुंजी मातीमोल केली आहे.

कणकवलीजवळ वागदे येथे १९४८ साली त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला, तो हे करून दाखवायला. तेथे कातडी कमावली जात, हाडांचे खत होई. संडास असा की खाली कप्पे, ते आलटून पालटून वापरायचे, वर माती आणि पालापाचोळा टाकायचा. घाण नाही, माशा नाहीत, डोक्यावरून मैला वाहणे नाही आणि काही महिन्यांनी कप्प्यातून निघते ते सोनखत. 'गोपुरी संडास' म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. मैल्यापासून गॅस करून त्यावर चूल पेटवण्याचे प्रयोगही त्यांनी १९५० नंतरच्या दशकातच केले, शेणाचा गोबरगॅस अजून गावोगाव पोचायचा होता तेव्हा.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले होते. ते योग्यच होते, कारण त्या कामाबरोबर अपमान बांधलेला होता. मग गुरे कोणी ओढावी? अप्पासाहेबांचे उत्तर स्वतःचे हात हे होते: काम ज्यांनी लादले त्यांनीच ते शिकावे, म्हणजे त्यातला अपमान जाईल आणि मिळकत उरेल. पण त्यांच्यामागून कातडे सोलायला किती सवर्ण आले? फार थोडे. या बाबतीत समाजाने त्यांना नमस्कार केला आणि लांब उभा राहिला, असे मला वाटते. खत आणि संडास मात्र लोकांनी घेतले, कारण तिथे पीक डोळ्यांना दिसत होते.

उतारवयात ते व्याजाविरुद्ध लिहीत-बोलत राहिले. पैशाने बसल्या जागी वाढू नये, हा त्यांचा आग्रह अनेकांना चमत्कारिक वाटे. सावकाराच्या वहीत अडकलेली घरे ज्याने जवळून पाहिली त्याला तो तसा वाटला नसेल.

तुकोबांच्या देहू गावात एक तरुण डॉक्टर, मापुसकर, संडास बांधायची धडपड करत होते. त्यांनी बांधलेले पहिले संडास पावसाळ्यात ढासळले. तेव्हा वाट दाखवली ती अप्पासाहेबांनी. त्याच धाग्यावर डॉक्टरांनी पुढे 'मलप्रभा' नावाचे गॅस संयंत्र तयार केले आणि देहूतल्या घरांत त्यावर स्वयंपाक होऊ लागला. अप्पासाहेब १० मार्च १९७१ रोजी गेले. वागद्याचा आश्रम अजून आहे. गोव्याकडे जाणारा महामार्ग त्याच गावातून जातो.