परळच्या चाळीतील दोन खोल्या



आपल्या घरात भगवान बुद्धांच्या प्रतिमेशेजारी बाबासाहेबांचा फोटो असतो आणि त्याला लागून बहुधा रमाईचा. 7 फेब्रुवारीला आपण त्या फोटोला हार घालतो. पण उद्या आपल्या मुलाने विचारले की ही माऊली नांदली कुठे, तिची चूल कोणत्या घरात पेटत होती, तर आपण काय सांगाल?

रमाईचा जन्म 1898 सालचा, दाभोळजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आईवडील दोघेही लवकर गेले आणि पोरकी भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला भायखळ्यास आली. तेथेच 1906 च्या सुमारास सुभेदार रामजींच्या भीमरावांशी तिचे लग्न झाले. मांडव कसला? दिवसाचा बाजार उठल्यावर भायखळ्याच्या मार्केटातील उघडी शेड, बसायला विक्रेत्यांचे दगडी ओटे आणि पायाखाली गटाराचे पाणी. मुलगी नऊ वर्षांच्या आसपासची. बालविवाहाचा काळ होता तो. त्याचे कौतुक आपण करायचे कारण नाही.

सासरचे घर म्हणजे परळ भागातील डबक चाळीतली एक खोली. माणसे, भांडी, सरपण आणि धूर सगळे एकत्र. रामजीबाबा मुलाला मध्यरात्रीनंतर अभ्यासाला उठवीत. म्हणजे नव्या सुनेची झोप कशी होत असेल, याचा हिशेब आपणच करा.

पुढे 1912 च्या सुमारास कुटुंब पोयबावाडीतील बी.आय.टी. चाळीत आले. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने बांधलेल्या चाळींपैकी ही एक. दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 नंबरच्या समोरासमोर दोन खोल्या, मध्ये चाळीचा रस्ता. बायाबापड्यांनो, ज्यांनी सामायिक नळावर रांग लावली आहे, त्यांना ही चाळ नव्याने समजावून सांगायला नको. खरा पहिला संसार येथेच उभा राहिला, आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ येथेच चालला.

पण या संसारात नवरा घरी किती होता? डिसेंबर 1912 मध्ये यशवंतचा जन्म झाला. 2 फेब्रुवारी 1913 ला रामजीबाबा गेले आणि त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले. ते 1917 साली परतले. 1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात महिना 450 रुपयांची प्राध्यापकी मिळाली. आता तरी बरे दिवस यावेत! पण लंडनचा अपुरा अभ्यास डोळ्यांपुढे होता. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाईच्या हाती पडे, बाकीची शिल्लक पडे, आणि 1920 साली भीमराव पुन्हा निघाले ते 1923 पर्यंत. प्राध्यापकाची बायको चाळीतच राहिली. थोरले बंधू आनंदराव यांचा प्रपंचही त्याच आसऱ्याला होता.

बॅरिस्टर होऊन आल्यावर एक खोली पुस्तकांची आणि भेटायला येणाऱ्यांची झाली. समोरच्या खोलीत चूल, मुले आणि आजारपण. गंगाधर, रमेश, इंदू गेली. शेवटचा राजरत्न 1926 च्या जुलैत गेला. पाचांतला एकटा यशवंत उरला. पुढच्याच वर्षी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या सभांची माणसे, पत्रे, मसलती ज्या खोलीत चालत, तिच्यासमोरचे दार कोणाचे होते हे आपण लक्षात ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपले वक्ते जयंतीला टाळतात. रमाई देवभोळी होती. ती उपास करी, पंढरपूरला जाण्याची तिला ओढ होती. जेथे आपल्याला देवळाबाहेर थांबवतात तेथे जायचे कशाला, असे बाबासाहेबांचे मत होते, आणि ते तिला पटवत राहिले. तुमच्या घरात एखादी आजी दीक्षेनंतरही शनिवार सोडत नसेल, तर तिच्यावर ओरडण्यापूर्वी हे आठवा. येवल्याची धर्मांतराची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची. रमाई 27 मे 1935 लाच गेली होती. तिने त्रिशरण घेतलेच नाही, आणि ती आज आपल्या प्रत्येक विहारात आहे. तिला मागाहून बौद्ध ठरविण्याची काहीच गरज नाही.

शेवटी परळची खोली पुस्तकांना पुरेना, म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. त्याला नाव दिले राजगृह, मगधाच्या त्या नगरीचे, जेथे बिंबिसाराने भगवंतांना वेळुवन दिले. धम्माची चाहूल घराच्या नावात आधी आली, दीक्षा पुढे 1956 ला. 1934 च्या सुमारास मंडळी तेथे राहायला गेली. एवढ्या मोठ्या घरात रमाईला जेमतेम वर्ष मिळाले, तेही आजारपणात गेले.

पुढे 1940 साली बाबासाहेबांचा पाकिस्तानविषयीचा इंग्रजी ग्रंथ निघाला. तो त्यांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला. अर्पणपत्रिकेत नाव घातले रामू, चाळीत ते तिला हाक मारीत तेच.