अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्च सोडून बालशिक्षणावर का लिहावे, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या सीमाभागात कामाला जाणाऱ्या आईने मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न घरोघरी आहे. निपाणीत तंबाखूच्या कामावर जाणाऱ्या कितीतरी बायकांची मुले आजीच्या नाहीतर अंगणवाडीच्या भरवशावर वाढतात. ज्या अंगणवाडीत आपणांपैकी अनेकजण बाराखडीआधीची गाणी शिकले, तिच्यामागे एका मराठी बाईंचे आयुष्य उभे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. घरात सुधारणेचे वारे होते, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी झाली नाही. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विरळ! पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो टिकला नाही. पदरी लहान मुलगी घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. मानाची, पगाराची जागा. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार तोट्याचाच दिसेल.

गिजुभाई आणि ताराबाई दोघांवरही माँटेसरीबाईंचा प्रभाव होता. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर, आणि त्यांचे काम सुरू झाले ते रोममधील मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांपासून. शिकवण्याआधी मुलाला नीट पाहावे, ते कशात रमते, कशाला घाबरते, कोणाजवळ जाते हे टिपावे, ही दृष्टी त्यांना त्या मुलांनी दिली. हीच दृष्टी भावनगरमार्गे मराठीत आली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. शिक्षण पत्रिकेतून ताराबाई आईबापांसाठी लिहीत राहिल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

परंतु माँटेसरीची साधने महाग, आणि शाळा शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांची. हे ताराबाईंना खटकत होते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डी या खेड्यात गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. मग बाईच वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, नाक पुसायचे, आंघोळ घालायची, नखे कापायची, आणि मग गाणी-गोष्टी. साधने म्हणजे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे. भांडवल जवळजवळ शून्य! १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये राहायला गेल्या. मोठी मुले गुरे राखायला जात, तर शाळाच कुरणात नेली. मोठ्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या, तीच विकासवाडी. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे.

आता स्वमग्नतेविषयी. तो ताराबाईंचा विषय नव्हे. त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचा अभ्यास मांडला, तेव्हा या अवस्थेचे वेगळे चित्र वैद्यकापुढे आले. पुढे काही वर्षे पाश्चात्त्य तज्ज्ञांनीही आईच्या कोरडेपणाला दोष दिला. तो समज खोटा ठरला. मेंदूची घडणच मुळात वेगळी असते, हे आता मान्य झाले आहे. आमच्या गल्लीत मात्र अशाच एका मुलाच्या आईला अजून बोल लावतात. चार वर्षांचा होईपर्यंत तो उशिरा बोलेल, मुलगे उशिराच बोलतात, असे सगळे म्हणत राहिले.

वास्तविक बोलण्याच्या फार आधी खुणा दिसतात. साधारण दोन महिन्यांचे मूल आपल्याकडे पाहून हसते. वर्षाच्या आत हाक मारली की वळते. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल कावळा दिसला की बोट दाखवते, आणि आईनेही तो पाहिला का म्हणून तिच्या तोंडाकडे बघते. दीड वर्षाच्या सुमारास खोटाखोटा चहा पाजते. स्वमग्न मुलांत या गोष्टी उशिरा येतात, कमी दिसतात. काही मुलांत तर आलेले शब्दही दुसऱ्या वर्षात जातात. अशी एखादी खूण नसली म्हणजे मूल स्वमग्न असतेच असे नाही, पण डॉक्टरांना दाखवायला थांबू नये. घरात एकच मूल असले की हे लक्षात येत नाही. वीस मुलांत बसणाऱ्या बाईंना मात्र येऊ शकते, जर त्यांना पाहायला शिकवले असेल आणि रजिस्टरे भरण्यातून सवड मिळाली तर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तालुक्याच्या गावी मूल कोणाला दाखवायचे, हे आईबापांना सहजासहजी कळत नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्याकडे त्या केंद्रावरची पाटी कन्नडमध्ये असते, आतली मुले घरी मराठी बोलतात. शब्द दोन्हीकडे तोच आहे.