विश्लेषण : शिष्यवृत्तीवर शिकलेले बाबासाहेब मजूरमंत्री झाले, तेव्हा…

प्रभादेवीच्या समुद्रकिनारी, इंदू मिलच्या सुमारे साडेबारा एकर जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मारक उभे राहत आहे. पुतळ्याची उंची, खर्च आणि लांबलेली मुदत यांची चर्चा पुष्कळ होते. मात्र शिष्यवृत्ती, रोजगार विनिमय केंद्र, कारखान्यातील उमेदवारी या ज्या गोष्टींसाठी आजचा तरुण अर्ज भरतो, त्यांच्या सुरुवातीच्या काळात बाबासाहेब केंद्रात मजूरमंत्री होते, हे फारसे बोलले जात नाही. त्याआधी ते स्वतः शिष्यवृत्तीधारक होते. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत.

परळच्या खोलीत अभ्यास कसा चाले?

प्रभादेवी स्थानकाचे नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते. रुळांच्या पलीकडे परळ. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले रामजी सकपाळ मुलांना घेऊन या गिरणगावात राहायला आले. एकाच खोलीत सारा संसार. मुलगा लवकर झोपे आणि रात्री दोनला वडील त्याला अभ्यासाला उठवत. मग त्याच्या जागेवर वडील आडवे होत. पुढे बीआयटी चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या मिळाल्या. शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, कॉलेजही एल्फिन्स्टनच. मॅट्रिकनंतर पैसे संपले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती नसती, तर बी.ए.चे नाव घेता आले नसते.

शिष्यवृत्ती पुरली का?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नाव घातले. पण १९१७ मध्ये मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्यात रुजू झाले. पदवी परदेशी आणि नोकरी सरकारी असूनही शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावण्यात आले आणि नोकरी सोडून ते मुंबईला आले.

मदत मिळाली तरी ती मध्येच थांबली, तर काय होते, हे त्यांनी असे अंगावर सोसले होते. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊनच परतले. डी.एस्सी.ही त्याच वर्षी मिळाली.

मंत्री झाल्यावर त्यांनी काय मागितले?

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तीनच महिन्यांत, २९ ऑक्टोबरला, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. मंत्र्यानेच आपल्या सरकारपुढे कैफियत मांडावी, हा प्रकार तसा विरळाच. त्यातला शिक्षणाचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. बनारस आणि अलिगढच्या विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, असा त्यांचा रोख होता. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, परदेशी शिक्षणासाठी वेगळी रक्कम आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घेऊन कसब शिकवणे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. केवळ कारकुनी पदवीवर त्यांची भिस्त नव्हती.

सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. १९४४ मध्ये सुरू झालेली ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना आजही चालू आहे. त्याआधी, १९४३ मध्ये, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या होत्या.

रोजगार केंद्रांचा संबंध काय?

महायुद्ध संपत आले, तेव्हा लाखो सैनिक आणि युद्धकारखान्यांतील कामगार रिकामे होणार होते. त्यांच्यासाठी जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याच्या अखत्यारीत पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि देशभर रोजगार विनिमय केंद्रे उघडली. १९४८ मध्ये त्यांची दारे सर्वच बेरोजगारांना खुली झाली. आयटीआयमधून मिळणारी कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० मध्ये याच यंत्रणेतून निघाली. अर्थात हे एकट्या मंत्र्याचे काम नव्हते, युद्धाची गरजही त्यामागे होती. पण सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांनी नेमाने चालवल्या. कारखान्यातील आठवड्याचे तास ४८ वर आणणारी दुरुस्तीही १९४६ ची.

आज काय स्थिती?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. रक्कम वेळेत खात्यात येत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार जुनीच आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना महिना ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली, पण त्यानंतर काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थींनी लगेच विचारला. मुदत संपली म्हणून लंडनहून परतलेल्या विद्यार्थ्याला तो नवा वाटला नसता.

मंत्रिपदाचे अखेरचे दिवस सुरू असताना, २० जून १९४६ रोजी, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून कामावर जाता येई.