दार रुंद करणारा आर्किटेक्ट : रॉन मेस

जिन्याकडे आपण कधी नीट बघत नाही. प्रॅक्टिकलला उशीर झाला की दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळायचं, संपला विषय. पण १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत एक असा विद्यार्थी होता, ज्याला लेक्चरला बसण्यासाठी दुसऱ्यांनी उचलून जिन्यावरून वर न्यावं लागे आणि सुटल्यावर तसंच खाली आणावं लागे. त्याची व्हीलचेअर टॉयलेटच्या दारातून आत जात नसे. आणि हा पठ्ठ्या शिकत काय होता, तर आर्किटेक्चर! म्हणजे इमारती कशा बांधाव्यात याचेच धडे तो अशा इमारतीत गिरवत होता, जी त्याला आत घ्यायला तयार नव्हती.

त्याचं नाव रोनाल्ड मेस. जन्म १९४१ चा, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा. लहानाचा मोठा झाला नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये. नऊ वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. साल्कची लस १९५५ साली आली, म्हणजे रॉनच्या बाबतीत पाचेक वर्षं उशिरा. जवळजवळ वर्षभर तो हॉस्पिटलमध्ये होता. बाहेर आला तो व्हीलचेअरवर.

गंमत बघा, रॉन कॉलेजात होता तेव्हा अपंगांना वापरता येतील अशा इमारतींचं स्टँडर्ड अमेरिकेत छापून तयार होतं. १९६१ सालीच ते आलं होतं. पण ते ऐच्छिक! ज्याला पाळायचं त्याने पाळावं. आता ऐच्छिक गोष्टी किती लोक पाळतात हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

१९६६ साली मेस डिग्री घेऊन बाहेर पडले. चारेक वर्षं त्यांनी चारचौघांसारखी प्रॅक्टिस केली. मग त्यांच्याच राज्यात अपंगांच्या सोयीसाठी बिल्डिंग कोड करण्याचं काम सुरू झालं आणि मेस त्यात उतरले ते कायमचे. नॉर्थ कॅरोलायनाचा हा कोड १९७३ साली सक्तीचा झाला. अमेरिकेत अशा प्रकारचा हा पहिलाच, आणि पुढे इतर राज्यांनी तो नमुना म्हणून समोर ठेवला. त्याबरोबर मेस यांनी चित्रांचं एक हँडबुकही तयार केलं. मला स्वतःला हे काम कोडइतकंच मोलाचं वाटतं. कोडची भाषा वकिलाला कळते; साइटवरच्या माणसाला ड्रॉइंग लागतं, दाराची क्लिअर रुंदी नेमकी कुठून कुठे मोजायची ते दाखवणारं.

आता थोडं गणित करू. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, हा नियम सिव्हिलवाल्यांना पाठ असतो. समजा प्लिंथ ९० सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे रॅम्प झाला १०.८ मीटर. अमेरिकन नियमानुसार एका दमात ७६ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढवता येत नाही, मधे दीड मीटरचं सपाट लँडिंग लागतं. म्हणजे १२.३ मीटर, शिवाय वर आणि खाली लँडिंग वेगळंच. व्हीलचेअर गोल फिरवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते ती निराळी. एवढी लांबी प्लॅन कागदावर असतानाच धरली तर प्रवेशद्वाराशी सुंदर बसते. इमारत उभी राहिल्यावर आठवण झाली की रॅम्प जातो मागच्या बाजूला, जनरेटर आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी. नियम पाळला जातो, माणूस मात्र मागच्या दाराने आत येतो.

मेस यांना नेमकं हेच खुपत होतं. आयुष्यभर कोड लिहिणाऱ्या या माणसाला कोड म्हणजे किमान मर्यादा आहे हे पक्कं ठाऊक होतं. पासिंगपुरते ४० मार्क म्हणा ना! म्हणून १९८५ च्या सुमारास त्यांनी एक शब्दप्रयोग पुढे आणला: युनिव्हर्सल डिझाइन. अपंगांसाठी वेगळं काही चिकटवण्याऐवजी वस्तू आणि इमारत मुळातच अशी करायची की शक्य तितक्या सर्वांना ती तशीच वापरता यावी. गोल नॉबऐवजी दाबायची मूठ असली की हातात दोन पिशव्या असलेला माणूसही कोपराने दार उघडतो. पायरी नसलेलं दार व्हीलचेअरला लागतं, तसंच बाबागाडीला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही.

घरांच्या बाबतीत त्यांची युक्ती तर साधी होती आणि स्वस्तही. बाथरूमच्या भिंतीत बांधतानाच आतून आधार देऊन ठेवायचा. आज धरायचा दांडा नको असेल तर लावू नका, पण उद्या लागला तर भिंत फोडायला नको. १९८८ च्या अमेरिकन गृहनिर्माण कायद्यात चार किंवा अधिक घरांच्या नव्या इमारतींसाठी हा आधार, रुंद दारं, हात पोचेल अशा उंचीवर स्विच या गोष्टी सक्तीच्या झाल्या. मग २६ जुलै १९९० ला अपंगांच्या समान हक्कांचा मोठा कायदा आला. पायरीमुळे दुकानात जाता न येणं हा आता नशिबाचा भाग राहिला नाही, तो भेदभाव ठरला, कोर्टात जाण्यासारखा. या दोन्ही कायद्यांना आकार देण्यात मेस यांच्या कामाचा हातभार होता. १९९२ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचा सन्मानही मिळाला.

१९८९ साली त्यांनी एक संशोधन केंद्र सुरू केलं, आणि कुठे, तर त्याच युनिव्हर्सिटीत, जिथे त्यांना उचलून न्यावं लागत होतं! पुढे हेच सेंटर फॉर युनिव्हर्सल डिझाइन झालं. १९९७ साली मेस आणि इतर नऊ जणांनी मिळून सात तत्त्वं मांडली. या दहा जणांत आर्किटेक्ट होते, प्रॉडक्ट डिझायनर होते, संशोधक होते आणि इंजिनीअरही होते, हे आपल्या ब्रँचवाल्यांनी लक्षात घ्यावं. सातही सांगत बसत नाही. मला आवडतं ते चुकीला माफी देणारं: वापरणारा चुकणारच हे धरून डिझाइन करायचं. कॉम्प्युटरवरचं अनडूचं बटण आठवा. आणि पहिलं तत्त्व समान वापराचं, म्हणजे मागचं दार बाद.

टीकाही झाली. सगळ्यांसाठी, सगळ्यांसाठी म्हणताना ज्यांच्यासाठी लढाई सुरू झाली ते अपंगच बाजूला पडतात आणि कंपन्यांना जाहिरातीला छान शब्द मिळतो, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण मेस यांनी कोड सोडून दिला नव्हता. किमान मर्यादा कायद्याने सांभाळायची आणि त्याच्या वरचं डिझायनरने बघायचं, अशी दोन्ही कामं ते एकाच वेळी करत होते.

आपल्याकडे १९९५ आणि नंतर २०१६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचे कायदे झाले. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, त्यातले काही सक्तीचे करावे लागतील. म्हणजे १९६१ आणि १९७३ मधला तोच ऐच्छिक-सक्तीचा वाद!

१९ जून १९९८ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हॉफस्ट्रा युनिव्हर्सिटीतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मेस बोलले. अडथळे काढणं, सहायक साधनं देणं आणि युनिव्हर्सल डिझाइन या तीन गोष्टींत फरक काय, हे त्यांनी तिथे उलगडून सांगितलं. कायद्याचं पालन म्हणजेच युनिव्हर्सल डिझाइन असं लोक धरून चालले होते, ते त्यांना खोडून काढायचं होतं. दहा दिवसांनी, २९ जूनला, राली इथे राहत्या घरी त्यांचं अचानक निधन झालं.