हृदय मोठं झालं होतं, दोष मात्र गळ्यातल्या ग्रंथीचा होता! ही जोडी ओळखणाऱ्या डॉ. झोंडेक यांची गोष्ट

साल १९१८. पहिलं महायुद्ध शेवटाकडे आलं होतं. त्याच वर्षी म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात हर्मान झोंडेक या तरुण जर्मन डॉक्टरचा लेख छापून आला. दुखणं हृदयाचं होतं, पण उपाय होता थायरॉईडचा.

झोंडेक यांचा जन्म १८८७ चा, एका ज्यू कुटुंबातला. त्यांचं व्रोंके हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये आहे.

त्यांनी तपासलेल्या पेशंटचं थायरॉईड फारच मंदावलेलं होतं. एक्स-रेमध्ये हृदय फुगलेलं दिसायचं, ठोके संथ असायचे आणि ईसीजीतल्या काही लहरी जवळपास सपाट झालेल्या असायच्या. ब्लड प्रेशर मात्र नॉर्मल! थायरॉईडचं औषध सुरू केल्यावर हृदयाचा आकार कमी झाला आणि लहरीही हळूहळू परतल्या. या अवस्थेला झोंडेक यांनी 'मिक्सिडिमा हृदय' असं नाव दिलं.

पण असं का होतं?

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू सैल व्हावा लागतो, तरच त्यात पुन्हा रक्त भरतं. हे काम वेगाने होण्यासाठी थायरॉईडचं हार्मोन लागतं. ते कमी पडलं की स्नायू सावकाश सैल होतो, रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढतं.

झोंडेक यांचं नाव मोठं झालं. १९२६ मध्ये ते बर्लिनच्या अर्बन हॉस्पिटलचे प्रमुख झाले. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री श्ट्रेझमान हे त्यांचे पेशंट होते. पण १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे झोंडेक यांना हॉस्पिटलमधून हाकललं गेलं. देश सोडून ते अखेर जेरुसलेमला पोहोचले आणि तिथल्या बिकुर होलिम हॉस्पिटलमध्ये पुन्हा पेशंट तपासू लागले. १९७९ मध्ये जेरुसलेममध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या तरुणपणी हा आजार ओळखू यायचा तो चेहरा सुजल्यावर, हालचाली मंदावल्यावर. आज साध्या रक्ततपासणीत तो खूप आधी कळतो. टीएसएच वाढलेलं, पण टी-फोर नॉर्मल, म्हणजे थायरॉईड किंचित मंद. अशा वेळी हृदय फुगलेलं नसतं, पण स्नायू सैल व्हायला लागणारा उशीर काही जणांमध्ये तेव्हाही दिसतो. टीएसएच १० च्या वर गेलं की हृदयविकार आणि हार्ट फेल्युअरचा धोका वाढलेला आढळतो.

म्हणून रिपोर्टमधला आकडा पाहून प्रत्येकाने गोळी सुरू करायची का? तर नाही. वयानुसार टीएसएच थोडं वाढतंच. त्यात गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, विशेषतः ज्येष्ठांमध्ये. त्यामुळे वय, आकडा आणि हृदयाची स्थिती पाहून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

झोंडेक यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली गोष्ट मात्र आजही लागू आहे. थायरॉईडमुळे मंदावलेलं हृदय वेळेत उपचार मिळाले तर बऱ्याचदा सावरतं. फक्त हृदय तपासताना गळ्यातल्या त्या छोट्या ग्रंथीचाही विचार व्हायला हवा.